मास्तरांचा उजवा पाय

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर म्हणजे तसा देवमाणूस. शिकायला आलेल्यांवर कधी ओरडले नाहीत, कुणाला घालूनपाडून बोलले नाहीत. त्यांचं जे काही होतं ते सगळं उजव्या पायात होतं. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. ते पेडल मास्तरांच्या बुटाखाली इतकं झिजलं होतं की त्यावरच्या रबराच्या रेघा कधीच पुसून गेल्या होत्या. सायकलवाला दिसला, दाब. वळण आलं, दाब. शिकणाऱ्यानं नुसता श्वास जरा जोरात घेतला, तरी दाब! मंडळी डॅशबोर्डवर नाक आपटत आपटत शिकायची, पण एकालाही कधी साधं खरचटलं नाही, हे मात्र खरं. मागे सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणायचे. तोंडावर अर्थात नुसतंच मास्तर.

हा पाय स्कूलपुरता राहिला असता तर काही म्हणणं नव्हतं. पण पायाला काय कळतंय, आपण कुठे बसलोय ते? टॅक्सीत मागे बसले तरी पुढच्या सीटला टेकून दाबायचा. टीव्हीवर गाड्यांची शर्यत लागली की घरातलं टीपॉय पुढे सरकायचं. बायकोला त्यांनी मोठ्या हौसेनं गाडी शिकवली. तिनं लायसन्स काढलं आणि त्याच दिवशी कानाला खडा लावला, की हा माणूस शेजारी असताना स्टिअरिंगला हात लावायचा नाही. एकटी असली की मस्त चालवायची.

आणि मुलगी? मुलीला ते बबडी म्हणायचे, अजूनही म्हणतात. कॉलेजात असताना तिला त्यांनी शिकवायला घेतलं. एके दिवशी भर चौकात, सिग्नल ढळढळीत हिरवा असताना, शेजारून कचकन ब्रेक लागला. बबडीनं गिअर काढला, हँडब्रेक लावला, दार उघडलं आणि चालत घरी निघून गेली. मागे गाड्यांचा कल्लोळ, पुढे पाठमोरी मुलगी, आणि मधे मास्तर. नंतर ती पलीकडच्या गल्लीतल्या स्कूलमध्ये शिकली. मास्तरांची मुलगी आणि दुसऱ्याकडे शिकते! लोकांना हसायला आयतंच निमित्त मिळालं. मास्तरही चारचौघांत हसले, पण आतून ते त्यांना फार लागलं. “तुमचा माझ्यावर विश्वासच नाही, बाबा,” एवढंच ती म्हणाली होती. मास्तरांना ते साफ खोटं वाटत होतं. पण तसं सांगणार कुठल्या तोंडानं? पाय रोज उलटी साक्ष देत होता.

पुढे बबडी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून लागली. बाकीच्या पोरी सुट्टीच्या दिवशी झोपा काढतात, ही बाई विमान शिकायला जाऊ लागली. गावाबाहेर फ्लाइंग क्लब होता, तिथे. शिकली, परीक्षा दिली, लायसन्स काढलं, आणि पहिल्यांदा आईला वर घेऊन गेली. आई खाली उतरली ती लहान मुलीसारखी नाचत. “अहो, काय सुंदर दिसतं वरून! आपली गच्ची दिसली. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं राहिलंय, ते तेवढं लावा.”

मास्तर गच्चीवर जाऊन झाकण लावून आले. विमानात बसायचं नाव मात्र घेईनात. एका रविवारी मान धरली. दुसऱ्या रविवारी पोट बिघडलं. मग एका शिकाऊ माणसाची परीक्षा अगदी तोंडावर आली, आणि तो माणूस म्हणे मास्तरांशिवाय जेवतही नव्हता. शेवटी एका सकाळी चहा ओतता ओतता बायको म्हणाली, “अहो, ती विचारायचीच थांबली तर?”

मास्तरांचा चहा तसाच राहिला. त्यांनी बूट घातले.

विमान पाहून त्यांना आधी हसूच आलं. पंख सोडले तर स्कूलच्या गाडीपेक्षा ते फार मोठं नव्हतं. दोन माणसं शेजारीशेजारी बसायची, बस्स. मग त्यांनी आत डोकं घातलं, तर काय! तिकडे एक स्टिअरिंग, इकडे एक स्टिअरिंग. तिकडे पेडल, इकडेही पेडल. मास्तरांचा चेहरा खुलला आणि तो खुललेला पाहून बबडीचा पडला.

“बाबा, नीट ऐका. या पेडलनी विमान डावी-उजवीकडे वळतं. आणि पेडलचा वरचा भाग दाबला की चाकांना ब्रेक लागतो. दोन्हीकडचे जोडलेले आहेत. तुम्ही पाय लावायचा नाही.”

“मी कशाला लावू?”

“नाही म्हणजे अजिबात नाही.”

“अगं कळलं ना! मी काय लहान आहे का?”

तिनं त्यांची सीट जाईल तेवढी मागे ढकलली. इंजिन सुरू झालं, विमान डुलत डुलत धावपट्टीकडे निघालं. समोरून, पण चांगली लांबून, क्लबची पेट्रोलची गाडी आडवी गेली. आणि विमान गचकन थांबलं. दोघांच्या माना पुढे जाऊन मागे आल्या. बबडीनं त्यांच्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती ओरडली नाही.

“उतरायचंय का तुम्हाला?” तिनं विचारलं.

“नाही, नाही. चुकून झालं. चल तू.” मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर गेल्यावर मात्र गंमत झाली. सुरुवातीला ते जीव मुठीत धरून बसले होते, डोळे अर्धे मिटून. मग हळूच एक डोळा उघडला, मग दुसरा. खाली नदी, शेतांचे तुकडे, काडेपेट्यांसारखी घरं. आणि वर कुणीच नाही! ना सायकलवाला, ना रिक्षा, ना फोनवर बोलत रस्ता ओलांडणारी माणसं. ब्रेक मारण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. पाय कधी नव्हे इतका गप्प पडून होता. मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. ती एका हातानं चालवत होती, नजर सारखी समोरच्या तबकड्यांवरून आणि बाहेर फिरत होती, आणि चेहरा अगदी शांत. छान चालवतेस गं, असं म्हणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात इंजिन खोकलं.

एकदा खोकलं, सावरलं, पुन्हा खोकलं. सगळं विमान थरथरलं. मग आवाजच गेला. नाकासमोर इतका वेळ जो पंखा फिरताना दिसतच नव्हता, तो आता दिसायला लागला, आणि बघता बघता उभाच्या उभा थांबला. राहिला फक्त वाऱ्याचा सूं सूं आवाज.

अशा वेळी पायाखालची जमीन सरकली असं म्हणायची पद्धत आहे. मास्तरांना तीही सोय नव्हती, जमीन मुळातच फार खाली होती. त्यांच्या तोंडचं पाणी मात्र पळालं.

बबडीनं विमानाचं नाक खाली केलं.

“अगं वर घे! वर!”

“वर घेतलं तर पडेल, बाबा. उतारावर सायकल जाते ना पेडल न मारता, तसं जाऊ दे. वेळ आहे आपल्याकडे. मला काम करू द्या.”

ती काम करायला लागली. इंधनाची एक टाकी बंद करून दुसरी चालू केली, हा खटका खाली, तो वर, किल्ली फिरवली. पंखा हलला आणि परत थांबला. पुन्हा फिरवली. काही नाही. मग ती रेडिओवर बोलली. इंजिन बंद पडलंय, शेतात उतरतेय, विमानात दोघं आहोत, आणि अमुक ठिकाणी आहोत. दुकानात गिऱ्हाइकाला ही गोळी जेवणानंतर घ्या म्हणून सांगते, अगदी त्या आवाजात. मास्तर ऐकतच राहिले. आपल्या पोटची पोर, आणि हा आवाज हिनं आणला कुठून?

“रस्ता!” ते एकदम ओरडले. जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार? “तो बघ, सरळसोट आणि रिकामा!”

“कडेला तारा आहेत. खांब दिसतायत का?”

आता मास्तरांना खांब दिसले.

“तिकडे बघा, त्या झाडांच्या पलीकडे पिवळसर दिसतंय ते. कापणी झालेलं शेत आहे. वाराही समोरून मिळेल. तिथे उतरू.” ती तोंडानं सांगत होती आणि विमान वळत होतं. “चष्मा काढून खिशात ठेवा. पट्टा घट्ट करा. तुमच्या बाजूचं दार मी सांगेन तेव्हा जरासं उघडून ठेवा, नंतर अडकायला नको. आणि बाबा...”

“काय?”

“पाय.”

मास्तरांनी खाली बुटाकडे पाहिलं.

“शेतात ओल असेल. टेकल्यावर ब्रेक जोरात लागला तर नाक मातीत रुतेल आणि विमान उलटं होईल. त्यात पेडल मला मोकळी हवीत. प्लीज बाबा. फक्त आजच्या दिवस.”

त्या ‘फक्त आजच्या दिवस’नं मास्तरांच्या काळजात चर्र झालं. कारण त्यांना आत्ता, नेमकं आत्ता, लख्ख कळलं होतं की मुलीवर त्यांचा पुरता भरवसा आहे. ती उतरवेल यात त्यांना शंका नव्हती. शंका होती ती त्या बुटातल्या हरामखोराची! तो काही विचारून दाबत नाही. मी लावणार नाही असं त्यांनी मघाशीही सांगितलं होतं, आणि झालं काय? वचन देतं तोंड, दाबतो पाय. आज जर तो दाबला गेला तर ही पोर जाईल, आणि ती आपल्या पायानं जाईल.

म्हणून मास्तरांनी एक गोष्ट केली. पट्टा जरा सैल केला, उजवा पाय मुडपून वर घेतला, सीटवर ठेवला आणि बुटासकट त्याच्यावर बसले. डावा पाय सीटखाली मागे ओढून घेतला. मग पट्टा करकचून आवळला.

“बबडे, बसलो मी त्याच्यावर,” ते म्हणाले. “आता चालव तू.”

तिनं क्षणभर पाहिलं. तिचा खालचा ओठ थरथरला, पण त्याला वेळ नव्हता. तिनं परत समोर पाहिलं.

शेत भराभर मोठं व्हायला लागलं. इतका वेळ जमीन जागची हलत नव्हती, आता ती अंगावर धावून येत होती. झाडांचे शेंडे चाकांच्या खालून गेले. शेताच्या मधोमध चार-दोन गायी चरत होत्या.

“गायी! अगं हॉर्न दे! हॉर्न!”

“हॉर्न नसतो, बाबा!”

“हॉर्नच नाही? कसली गाडी बनवतात ही!”

गायींना तेवढी अक्कल होती. त्या वर बघून आपल्या आपण पळाल्या. बबडी म्हणाली, “दार!” मास्तरांनी खिट्टी काढून दार फटीएवढं उघडलं. तिनं सगळे खटके बंद केले. मग चाकं टेकली, विमान उसळलं, परत टेकलं, आणि कापलेल्या पिकाची खुंटं खालून तडतडायला लागली. दात वाजत होते, मान वाजत होती, आणि समोर शेताच्या टोकाला दगडांचा बांध होता.

बांध येत होता. उगाच नाही सांगत, सरळ येत होता. मास्तरांचा उजवा पाय त्यांच्या खाली तडफडायला लागला. टाच वर येत होती, गुडघा ओढत होता. ते सगळं वजन टाकून त्याच्यावर बसले, दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला, आणि मनातल्या मनात त्या पायाला अशा शिव्या दिल्या की तशा त्यांनी आजवर कुणा शत्रूलाही दिल्या नव्हत्या. शेजारी बबडीनं स्टिअरिंग पोटाशी ओढून धरलं होतं. ती ब्रेक लावत होती, पण थोडा थोडा, पिठात पाणी घालावं तसा. वेग कमी होत होता. बांध मोठा होत होता. अगदी शेवटी तिनं एक पेडल दाबलं, विमान गर्रकन वळलं, डावा पंख बांधावरून झाडू मारल्यासारखा फिरला, आणि सगळं थांबलं.

नुसतं थांबलं. उलटं नाही, तिरकं नाही, चाकांवर.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

“उतरा, बाबा! आधी लांब व्हायचं!”

मास्तरांनी पट्टा सोडला, उठायला गेले, आणि परत बसले.

“बबडे, माझा उजवा पाय कुठाय?”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. “काय झालं? लागलं? रक्त येतंय?”

“लागलं नाही गं. सापडत नाहीये.”

पाय होता जागच्या जागी, पण इतका बधिर झाला होता की तो मांसाचा आहे की लाकडाचा, कळत नव्हतं. बबडीनं पलीकडून येऊन त्यांना काखेत धरून ओढलं, आणि दोघं बापलेक चिखलात आडवी पडली. तशीच सरपटत, एकमेकांना धरत, लांब जाऊन बसली. बबडी हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मास्तर तिच्या केसांतून मातीचे लगदे काढत बसले आणि म्हणत राहिले, “झालं, झालं, उतरवलंस तू. उतरवलंस.”

“माझं काही चुकून लागलं नाही ना?” थोड्या वेळानं त्यांनी घाबरत विचारलं. “गुडघा वगैरे? एखादं बटण?”

“नाही हो. इंजिनच गेलं. तुमचा काही संबंध नाही.” (आणि नव्हताच. इंधन नेणारी एक नळी तडकली होती, ती क्लबच्या मेकॅनिकनं नंतर दाखवली. हे ऐकेपर्यंत मास्तरांनी मनातून स्वतःला कितीदा फाशी दिली असेल, देव जाणे.)

शेताची मालकीण धावत आली. तिनं विमानाकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं, धडधाकट आहेत अशी खात्री केली, आणि दम घेत विचारलं, “बंद पडलं वाटतं?”

“हो,” मास्तर म्हणाले.

“ढकलायचं का?”

यावर बबडी पुन्हा हसायला लागली ती थांबेचना. मालकीणबाई जरा रागावल्या, मग पाणी आणायला गेल्या.

मास्तरांनी घरी फोन लावला.

“अगं, ऐक. बंद पडलं.”

“पडणारच!” बायको म्हणाली. “किती दिवस सांगतेय, बबडीच्या गाडीची बॅटरी बदला. आता बाजूला घ्या आणि मेकॅनिकला बोलवा.”

“बाजूलाच घेतलंय. शेतात.”

“शेतात? अहो, रस्ता सोडून शेतात कशाला घातलीत गाडी?”

“गाडी नाही. वरून आलो.”

पलीकडून अगदी बारीक आवाजात, “बबडी?”

“इथेच आहे, माझ्या शेजारी. ओरखडासुद्धा नाही. उतरवलं तिनं, अगं. काय उतरवलं म्हणून सांगू!”

शेत कुठलं तेवढं तिनं विचारून घेतलं, फोन ठेवलाही नाही. किल्ल्यांचा खळखळाट आणि दार आपटल्याचा आवाज तेवढा मास्तरांना ऐकू आला.

क्लबची जीप आधी पोचली. माणसं विमानाभोवती फिरून बबडीच्या पाठीवर थापा मारत होती. तेवढ्यात शेताच्या कच्च्या वाटेवरून, चिखल उडवत, डोक्यावर ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड मिरवत, मास्तरांची गाडी आली. ज्या वेगानं ती आली तो वेग पाहून एरवी मास्तरांना चक्कर आली असती. आज त्यांना ती बाई सुंदर दिसली. ती उतरली, दार उघडंच टाकून धावली आणि मुलीला कवटाळून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. ते लंगडत येत होते.

“पायाला काय झालं?”

“काही नाही. मुंग्या आल्यात. पायावर बसलो होतो जरा.”

“पायावर? विमानात? कशाला?”

मास्तर खाली बघायला लागले.

“कुठल्या पायावर?”

“उजव्या.”

तिला समजायला वेळ लागला नाही. त्या पायाला तिच्याइतकं दुसरं कोण ओळखत होतं? तिनं तोंडावर हात धरला, पण हसू बोटांमधून फुटलंच. “अहो, इतका सोपा उपाय होता होय! आधी सांगितलं असतंत तर मीच बसले असते त्याच्यावर!” आणि हसता हसता तिनं नवऱ्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि डोळे पुसायलाही सोडला नाही.

मग तिघं त्या बांधावर बसली. मालकीणबाईंनी आणलेलं पाणी प्यायली. विमानाचा पंख त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता.

“बाबा, एक सांगू?” बबडी म्हणाली. “हसायचं नाही.”

“नाही हसत.”

“हा बांध जवळ यायला लागला ना, तेव्हा मी सगळं बरोबर करत होते. काय करायचं ते मला माहीत होतं. पण आतून एकच वाटत होतं, बाबांनी दाबावा ब्रेक. तुम्ही शेजारी आहात म्हणजे तुम्ही थांबवाल, असं.” ती पायाशी पडलेल्या खुंटांकडे बघत होती. “इतकी वर्षं मला त्याचा राग होता. आणि आज तोच हवा होता.”

मास्तर तिच्याकडे वळले. “मग सांगायचं नाहीस का?”

“सांगितलं असतं तर तुम्ही दाबला असतात.”

“दाबला असता,” मास्तर म्हणाले. “तू म्हणाली असतीस तर मोडून बाहेर काढला असता पाय, पण दाबला असता.”

“आणि आपण उलटलो असतो.”

“उलटलो असतो,” ते म्हणाले. आणि इतका वेळ स्वतःला आवरून धरलेला तो माणूस दोन्ही तळहातांत तोंड लपवून हमसाहमशी रडला. बबडी सरकून जवळ आली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.